करारातलं पाणी आणि तळ्यातलं पाणी : संगणकावर नकाशा काढणाऱ्यांसाठी



या पानावर आपण बहुतेक वेळा बीज कधी येणार, भाव काय निघाला, धरणातून पाणी किती सुटलं एवढंच लिहितो. आज विषय वेगळा आहे आणि थोडा लांबणार आहे, म्हणून सवडीनं वाचा. विषय आहे संगणकावर आपल्या पाण्याचा नकाशा काढण्याचा. आपल्या घरातली कॉलेजला जाणारी पोरं-पोरी हे काम भराभर शिकतात. कित्येकांनी गुगल अर्थ उघडून आपलं तळं शोधलंय, त्याभोवती रेघ मारून झालीय, आणि चित्र ग्रुपवर टाकूनही झालंय. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ती रेघ कितपत खरी, आणि तिच्या भरवशावर पैसे लावायचे का?

पैसे म्हणतोय ते उगाच नाही. तलावाचा ठेका घेताना कागदावर एक आकडा असतो, इतके इतके हेक्टर. त्याच आकड्यावरून ठेक्याची रक्कम बघितली जाते आणि त्याच आकड्यावरून आपण बोटुकली किती सोडायची ते ठरवतो. पण तो आकडा कुठल्या दिवसाच्या पाण्याचा? ऑगस्टमध्ये सांडव्यावरून पाणी जात असतं त्या दिवसाचा, की मे महिन्यात गाळपेरीची पिकं निघाल्यावर मधोमध डबकं उरतं त्या दिवसाचा? बऱ्याच करारांत 'पूर्ण संचय पातळी' असा शब्द असतो, काहींत 'सरासरी जलक्षेत्र' असतो. आपल्या करारात कुठला शब्द आहे हे आधी वाचून ठेवा. नकाशाचं सगळं काम त्या एका शब्दाभोवती फिरतं.

समजा, कागदावर ६० हेक्टर आहेत आणि आपण हेक्टरी २,००० बोटुकलीचा हिशेब धरला. म्हणजे १,२०,००० बोटुकली. आता मे महिन्यात पाणी २२ हेक्टरवर आलं, तर त्याच हिशेबानं ते पाणी ४४,००० माशांचं. वरच्या ७६,००० बोटुकलीचे पैसे, त्यांचं खाद्य, वाहतूक, सगळं आपण अशा पाण्याला दिलं जे टिकणारच नव्हतं. वेळेत काढणी झाली तर ठीक, नाही तर उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडायला लागतात आणि मग व्यापारी सांगेल तो भाव. कटला, रोहू, मृगळ या माशांना कागदावरचे हेक्टर कळत नाहीत. हा आकडा समजुतीसाठी घेतलाय, पण प्रत्येकानं आपल्या तळ्याचा तो स्वतः काढावा, हाच या लेखाचा हेतू. पूर्वी त्यासाठी मोजणीदार लागायचा. आता एक बऱ्यापैकी संगणक, इंटरनेट आणि चार संध्याकाळ पुरतात.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?

दोनच सांगतो, दोन्ही फुकट आहेत. पहिलं गुगल अर्थ प्रो. २०१५ च्या आधी याच प्रोला वर्षाला ३९९ डॉलर मोजावे लागायचे. तेव्हापासून फुकट झालंय, म्हणून कुणी चावी किंवा परवाना विकत देतो म्हणाला तर त्याला हात जोडा. दुसरं क्यूजीआयएस. २००२ मध्ये गॅरी शर्मन नावाच्या माणसानं हे सुरू केलं, आज जगभरातले लोक मिळून ते वाढवतात, आणि ते कायम फुकटच राहणार अशा परवान्याखाली आहे. पहिलं सोपं, दुसरं ताकदवान. आमचं म्हणणं, सुरुवात पहिल्यानं करा आणि मोजमाप दुसऱ्यानं पक्कं करा.

गुगल अर्थ प्रोमध्ये वरच्या पट्टीवर घड्याळाचं चित्र आहे. ते दाबलं की जुन्या तारखांची चित्रं सरकवत बघता येतात. बरेच जण इथंच थांबत नाहीत आणि फसतात. पडद्यावर पहिल्यांदा जे चित्र येतं ते 'आजचं' नसतं. कुठल्या दिवशी काढलेलं आहे ते खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. एकाच तळ्याचा अर्धा भाग फेब्रुवारीचा आणि अर्धा नोव्हेंबरचा असंही होतं, मधून शिवण दिसते. तारीख वहीत लिहिल्याशिवाय रेघ मारायची नाही, ही सवय लावून घ्या. रेघ मारून झाली की मोजपट्टीतल्या बहुकोनात क्षेत्रफळ हेक्टरमध्ये मिळतं आणि ते भरवशाचं असतं.

आणखी एक. त्याच पडद्यावर खाली समुद्रसपाटीपासूनची उंचीही दिसते. काही जण पाण्यावर बाण नेऊन तो आकडा बघतात आणि काठाच्या आकड्यातून वजा करून 'खोली' काढतात. तसं होत नाही. उपग्रहाला पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, तळ दिसत नाही. खोली हवी असेल तर जुनाच मार्ग, दोरीला वजन बांधायचं, दोरीवर फुटाच्या खुणा करायच्या आणि होडीतून ठरावीक अंतरावर टाकत जायचं. फोनमधल्या जीपीएसवर प्रत्येक ठिकाणाची खूण ठेवायची आणि वहीत खोली लिहायची. हे बिंदू क्यूजीआयएसमध्ये घालून 'इंटरपोलेशन' नावाच्या साधनानं तळाचा नकाशा निघतो. एवढी मेहनत कशाला, असं वाटेल. पण तळाशी बुडालेल्या झाडांचे खुंट कुठं आहेत, जुनी विहीर कुठं आहे हे एकदा नकाशावर आलं की तंगूस जाळी फाटायचं प्रमाण कमी होतं, आणि नवख्या पोराला जाळं कुठं लावायचं ते घरात बसून दाखवता येतं. मोजायला जाताना अंगात जीवरक्षक जाकीट असू द्या. वजन टाकायला वाकलेला माणूसच तोल जाऊन पडतो.

शंभर हेक्टरचे एकशे नऊ कसे होतात

आता क्यूजीआयएसकडे येऊ, कारण सगळ्यात महाग पडणारी चूक इथं होते.

क्यूजीआयएस उघडल्यावर आपण साधारण काय करतो? पहिल्यांदा मागं उपग्रहाचं चित्र किंवा ओपन स्ट्रीट मॅप लावतो. ते लावलं की प्रकल्पाची मोजपद्धत आपोआप 'वेब मर्केटर' होते, तिचा क्रमांक ईपीएसजी ३८५७. ही पद्धत वेबसाइटवर चित्र दाखवायला चांगली, जमीन मोजायला नाही. पृथ्वी गोल, पडदा सपाट. सपाट करताना विषुववृत्तापासून जसजसं लांब जाल तसतसं सगळं ताणलं जातं. आपलं कोगनोळी साधारण साडेसोळा अंश उत्तरेला. इथं लांबी-रुंदी दोन्ही जवळपास साडेचार टक्क्यांनी ताणली जातात, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. शंभर हेक्टरचे एकशे नऊ, साठ हेक्टरचे पासष्ट. पाच हेक्टर म्हणजे बारा एकरांच्या वर पाणी, आणि ते जगात कुठंच नाही.

यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. तळ्याचा थर तयार करतानाच मोजपद्धत ईपीएसजी ३२६४३ निवडा. हा यूटीएमचा ४३ उत्तर पट्टा, ७२ ते ७८ अंश रेखांशाचा. निपाणी, चिकोडी, बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सगळं कोकण आणि गोवा त्यात बसतं. नागपूरकडचे पाहुणे हे वाचत असतील तर त्यांना ३२६४४ घ्यावा लागेल. दुसरं, प्रकल्पाच्या गुणधर्मांत 'एलिप्सॉइड' डब्ल्यूजीएस ८४ आहे ना ते बघा आणि क्षेत्राचं एकक हेक्टर करा. मोजपट्टीच्या खिडकीत 'कार्टेशियन' आणि 'एलिप्सॉयडल' असे दोन पर्याय असतात, त्यातला दुसरा घ्या. फील्ड कॅल्क्युलेटर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, डॉलरचं चिन्ह लावलेलं 'एरिया' पृथ्वीचा गोलावा धरून मोजतं आणि कंसात भूमिती देऊन लिहिलेलं 'एरिया' सपाट मोजतं. दोन्ही आकडे काढून शेजारी ठेवा. जवळपास सारखे आले तर काम बरोबर चाललंय. नऊ टक्के फरक आला तर कुठं पाणी मुरतंय ते कळलं.

कुणी काढून दिलेला नकाशा हातात आला तरी हा प्रश्न विचारायला बिचकू नका: "मोजपद्धत कुठली धरली?" याचं उत्तर नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं नसेल तर तो नकाशा भिंतीवर लावायला ठीक.

एक चौकोन म्हणजे एक गुंठा

गुगलची चित्रं स्वच्छ असतात, पण हव्या त्या तारखेची मिळत नाहीत. महिन्या-महिन्याचं पाणी बघायचं तर युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह बरा. २०१५ पासून त्याची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात. कोपर्निकस ब्राउझर उघडायचा, खातं काढायचं, आपलं तळं शोधायचं, तारीख निवडायची. त्याच्या चित्रातला एक चौकोन जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरच्या किंचित वर. म्हणजे एक चौकोन एक गुंठा! शाळेत हेक्टर डोक्यात न बसलेल्या आमच्या जुन्या सभासदांनाही हा हिशेब लगेच पटतो. शंभर चौकोन झाले की एक हेक्टर.

पाणी वेगळं काढायची युक्ती १९९६ पासून माहीत आहे. पाणी हिरवा प्रकाश थोडा परत पाठवतं, पण डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश गिळून टाकतं. माती आणि पीक नेमकं उलट, अवरक्त जास्त परत देतात. म्हणून हिरव्या पट्ट्यातून अवरक्त वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. उत्तर शून्याच्या वर आलं तर बहुतेक पाणी, खाली आलं तर बहुतेक जमीन. याला एनडीडब्ल्यूआय म्हणतात. सेंटिनेल-२ मध्ये हिरवा पट्टा तिसरा, अवरक्त आठवा. कोपर्निकस ब्राउझरमध्ये ही तयार रंगीत थरासारखी बघायलाही मिळते. मोजायची असेल तर दोन्ही पट्टे उतरवून क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये गणित करा, शून्याच्या वरचे चौकोन वेगळे करा आणि 'युनिक व्हॅल्यूज रिपोर्ट' हे साधन चालवा. चौकोनांची संख्या आणि क्षेत्रफळ दोन्ही समोर येतात.

जे आधीपासून हे करतात त्यांच्यासाठी एक जुनीच, पण अनेकांच्या नजरेतून सुटलेली बातमी. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या मूळ फाइलींमध्ये प्रत्येक आकड्यात १,००० मिळवलेले असतात. पूर्ण झिप उतरवत असाल तर प्रत्येक पट्ट्यातून १,००० वजा करून मगच गणित करा. नुसतं शून्याच्या वर की खाली एवढंच बघायचं असेल तर फरक पडत नाही, पण २०१९ चा आकडा आणि २०२४ चा आकडा शेजारी ठेवून तुलना कराल तर फसगत होईल. पाणी तेवढंच असून निर्देशांक उतरलेला दिसेल.

आता या युक्तीच्या खोडी. पहिली केंदाळ. रंकाळ्याला केंदाळानं काय अवस्था केली होती ते आपल्या भागात सगळ्यांनी बघितलंय. उपग्रहाला केंदाळ म्हणजे हिरवं रान. खाली चांगलं वीस फूट पाणी असलं तरी ते 'जमीन' म्हणून मोजलं जातं. म्हणून केंदाळ असलेल्या तळ्यात संगणकानं काढलेली सीमा तशीच घेऊ नका, गुगलचं स्वच्छ चित्र मागं ठेवून हातानं दुरुस्त करा. दुसरी खोड गढूळ पाण्याची. पहिल्या पावसाचं लाल पाणी अवरक्त प्रकाश बराच परत पाठवतं, त्यामुळं काठाकाठानं पाणी असूनही शून्याच्या खाली जातं. तिसरी खोड नदीची. दूधगंगा-वेदगंगेचं पात्र उन्हाळ्यात किती रुंद असतं ते आपल्याला माहीत आहे. दहा मीटरच्या चौकोनात काठाची झाडं, वाळू आणि पाणी एकत्र येतात. बंधाऱ्यामागचा डोह मोजायला हे चित्र चालत नाही, तिथं गुगलचीच जुनी चित्रं उपयोगी. शिवाय बंधाऱ्याला बरगे कधी घातले आणि कधी काढले यावर सगळं अवलंबून असतं. ती तारीख उपग्रह सांगणार नाही, आपल्याच वहीत हवी.

आमचा सल्ला असा. ऑक्टोबर ते जून, महिन्याला एक, अशी नऊ चित्रं काढा. प्रत्येकाचं क्षेत्र एका तक्त्यात लिहा. मग तीन वर्षांचे मे महिने घ्या आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा लाल पेनानं गोल करा. बोटुकलीची मागणी करताना तो लाल आकडा शेजारी असू द्या. दहा वर्षांच्या मागचं हवं असेल तर अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह आहेत, त्यांची चित्रं १९८४ पासूनची तळी दाखवतात. पण त्यांचा चौकोन ३० मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांचा, तेव्हा लहान गावतळ्यासाठी तो फार ढोबळ पडतो. कालम्मावाडीसारख्या २५ टीएमसीच्या धरणाला चालतो.

पावसाळ्यात ढग असले की सेंटिनेल-२ आंधळा. जून ते सप्टेंबर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. त्या दिवसांत त्याचा भाऊ सेंटिनेल-१ वापरायचा. तो रडारनं बघतो, त्याला ढग आणि रात्र दोन्ही आडवे येत नाहीत. शांत पाणी त्याच्या चित्रात काळंभोर दिसतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुराची चित्रं काढून बघा, पाणी कुठवर आलं होतं ते काळ्या डागांत दिसतं. होडी पावसाळ्यात कुठं ओढून ठेवायची, जाळ्यांची खोली कुठं बांधायची, काहील कुठं बांधून ठेवायची हे ठरवायला ते चित्र कामाचं आहे. फक्त एक, वारा सुटलेला असेल तर लाटांमुळं पाणीही उजळ दिसतं आणि पूर कमी वाटतो. अशा वेळी आधीच्या-नंतरच्या दिवसाचं चित्रही बघा.

दोन राज्यांच्या मधली रेघ

आपल्या भागाचं आणखी एक वेगळेपण आहे. महामार्गानं कागलहून निघालं, दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळी. एका काठावर एक राज्य, दुसऱ्या काठावर दुसरं. सीमाप्रश्न हा मोठा विषय आहे, तो इथं काढत नाही. पण मासेमारीचा परवाना, ठेका आणि दंड या तिन्ही गोष्टी त्या रेघेवर ठरतात, म्हणून नकाशातली रेघ कुठून आली हे विचारायलाच हवं.

इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या तालुका-जिल्ह्याच्या सीमा ढोबळ असतात. वाकड्यातिकड्या नदीच्या काठाला त्या सरळ कापून जातात. ओपन स्ट्रीट मॅप तर आपल्यासारख्याच लोकांनी भरलेला नकाशा आहे, रस्ते आणि नावं यांसाठी छान, पण हद्दीचा पुरावा म्हणून नाही. कुणी पडद्यावरची रेघ दाखवून "तुमचं जाळं आमच्या हद्दीत आहे" म्हणालं तर वाद घालू नका आणि आपणही त्याच रेघेवरून उलट वाद घालू नका. गट क्रमांक बघायचा तर कर्नाटकाच्या बाजूला महसूल खात्याचं दिशांक ॲप आहे, महाराष्ट्राच्या बाजूला महाभूनकाशा आहे. त्यावरून अंदाज घ्यायचा आणि पक्कं उत्तर मोजणी खात्याकडून लेखी घ्यायचं.

काहींच्या घरी आजोबांच्या वेळचे भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे आहेत, कापडावर चिकटवलेले. फार मोलाचे आहेत, टाकू नका. जुनी तळी, ओढे, पाणंदी त्यात सापडतात. पण ते स्कॅन करून क्यूजीआयएसमध्ये बसवताना एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांतले अक्षांश-रेखांश 'एव्हरेस्ट' या जुन्या मापावर आहेत, तुमच्या फोनचे डब्ल्यूजीएस ८४ वर. आपल्या भागात या दोघांत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. तेवढ्यात पुलाखालचं पाणी शेतात जाऊन बसतं! म्हणून कोपऱ्यांचे आकडे टाकून बसवण्यापेक्षा जुनं देऊळ, पूल, रस्त्याचा चौक अशा आजही जागेवर असलेल्या खुणा पकडून बसवा. नव्या मालिकेचे १:५०,००० चे नकाशे सर्वेक्षण विभाग संकेतस्थळावरून देतो, ते डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत.

समुद्रावरच्या पाहुण्यांसाठी थोडं

आपलं पान कोकणातले होडीमालकही वाचतात. त्यांना हैदराबादच्या इंकॉइस संस्थेकडून मासळी सापडण्याच्या संभाव्य क्षेत्राची सूचना मिळते. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहानं मोजून ती काढतात, बंदरापासून दिशा, अंतर आणि खोली सांगतात. ढगाळ दिवसांत आणि बंदीच्या काळात ती नसते. ही सूचना संगणकावर नकाशात टाकून ठेवली तर महिन्याभरात कुठल्या भागात क्षेत्र पुन्हा पुन्हा येतंय ते दिसतं, डिझेलचा हिशेब लावायला बरं.

पण टाकताना अंश-मिनिटांचा घोळ होतो. १६ अंश ३० मिनिटं हे दशांशात १६.५० होतं, १६.३० नाही. एका अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नाही. १६ अंश ३० मिनिटं म्हणजे विजयदुर्गाच्या किंचित दक्षिणेला. तेच १६.३० लिहिलं की खूण देवगडच्याही खाली जाते, १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर लांब. एवढ्या डिझेलचे पैसे एका टिंबामुळं जातात. क्यूजीआयएस आणि गुगल अर्थ दोन्हीत अंश-मिनिटं-सेकंद दाखवायची सोय आहे. होडीवरच्या यंत्रात जशी पद्धत आहे तशीच संगणकावर लावून टाका.

नवी आवृत्ती घ्यायची का?

हा प्रश्न सारखा येतो. क्यूजीआयएसची दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. त्यातली वर्षाला एक 'दीर्घ मुदतीची' असते, तिच्यात नवे प्रयोग करत नाहीत, फक्त दुरुस्त्या करतात. ३.२८, ३.३४, ३.४० या अशा आवृत्त्या. ज्यांना नकाशावरून अर्ज करायचा आहे, त्यांनी दीर्घ मुदतीचीच घ्यावी, नव्याच्या मागं लागू नये. चौथ्या पिढीची आवृत्ती आतून वेगळ्या पायावर बांधलेली आहे. जुने प्लगइन तिच्यात जसेच्या तसे चालतीलच असं नाही. नवी टाकली तरी जुनी लगेच काढू नका, दोन्ही एकाच संगणकावर राहतात. आणि नव्या आवृत्तीत उघडून साठवलेला प्रकल्प जुनीत नीट उघडेलच याची खात्री नसते, तेव्हा आधी फाइलची नक्कल करून ठेवा. ३२ बिटचा जुना संगणक असेल तर नवीन क्यूजीआयएस त्यावर बसणारच नाही, उगाच दुकानदाराला पैसे देऊ नका.

फाइल पाठवतानाची नेहमीची रड म्हणजे, "पाठवली पण उघडत नाही." शेपफाइल ही एक फाइल नसते, एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे अशी सगळी भावंडं एकत्र लागतात. त्यातलं एकटं एसएचपी व्हॉट्सॲपवर पाठवलं की समोरचा हात चोळत बसतो. शिवाय तिच्यात रकान्याचं नाव दहा इंग्रजी अक्षरांपुढं तुटतं आणि देवनागरी नाव तर तीन अक्षरांतच संपतं. त्यापेक्षा जिओपॅकेजमध्ये साठवा. एकच फाइल, मराठी नावं शाबूत. फोनवर बघणाऱ्यांना केएमझेड करून पाठवा.

नकाशा कचेरीत न्यायचा असेल तर नावं मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही टाका. त्यासाठी थरात दोन वेगळे रकाने ठेवा. विंडोजमधला निर्मला यूआय हा फाँट दोन्ही लिप्या नीट छापतो. कागदावर मापपट्टी, उत्तर दिशा, मोजपद्धतीचा क्रमांक आणि चित्राची तारीख हवीच. तारीख मोठ्या अक्षरांत हवी. सोबत महिन्यावार क्षेत्राचा तक्ता आणि आपल्या कराराच्या त्या पानाची झेरॉक्स लावा, ज्यावर हेक्टरचा आकडा आणि 'पूर्ण संचय' की 'सरासरी' तो शब्द आहे. आपण काढलेला नकाशा सरकारी मोजणीची जागा घेत नाही, हे अर्जात स्वतःहून लिहा आणि मागणी एवढीच करा की क्षेत्राची फेरमोजणी व्हावी. आकडे नीट मांडलेले असले की समोरच्या साहेबालाही ते वाचायला सोपे जातात.

ज्यांनी ऑक्टोबरपासूनची चित्रं काढून ठेवली आहेत त्यांनी मेच्या शेवटच्या आठवड्यातलं चित्र चुकवू नका. एकदा वळीव लागला की ढग येतात, आणि मग वर्षातलं सगळ्यात कमी पाणी टिपायची संधी पुढच्या मेपर्यंत मिळत नाही. तळ्याचं नाव, तारीख आणि आलेले हेक्टर खाली लिहा. कागदावरचा आकडाही सोबत द्या, म्हणजे कुठल्या तळ्यात किती फरक पडतोय ते सगळ्यांना एकत्र बघता येईल.